दोन गावांचा एक महादेव

दुष्काळ पाहायला निघालेल्या बाईनं छत्री कशाला घ्यायची? मीही घेतली नव्हती. पिशवीत उन्हाची टोपी होती, काळा चष्मा होता, फुटलेल्या ओठांना लावायचं मलम होतं, आणि भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढायचे म्हणून मोबाइल रिकामा करून ठेवला होता. वाशीमला गाडीतून उतरले तर पाऊस नुसता कोसळत होता. फलाटावरून बाहेर येईपर्यंत टोपीतून पाणी गळायला लागलं.

एका रिक्षात शिरले. रिक्षावाल्यानं आरशातून माझा अवतार पाहिला आणि विचारलं, "कुठी चाल्ले बाई?"

"एसटी स्टँड. तिथून आसेगावकडे जायचंय."

"कोनाकडं?"

"कुणाकडे असं नाही. दुष्काळ पाहायला आलेय."

त्यानं काचेवरचं पाणी हातानं पुसलं. माणूस समजूतदार असावा, कारण हसला नाही. "आज तं पाणी येऊन राह्यलं," तो म्हणाला. "उद्या पाहाजा."

हे असं का झालं, ते सांगते. मी पुण्यात एका संस्थेत नकाशे रंगवते. उष्ण कटिबंधात दुष्काळ कुठून कुठे सरकतो, कधी येतो आणि किती मुक्काम करतो, हे दाखवणारा एक मोठा ॲटलास आमच्याकडे चाललाय. माझ्या वाट्याला दख्खन आलंय. जिथे पाऊस कमी तिथे तांबडा, जिथे बरा तिथे हिरवा. संगणकावर एकामागून एक वर्षं सोडली की तांबडा डाग पठारावर हिंडायला लागतो. कधी मराठवाड्यात ठाण मांडतो, कधी खानदेशाकडे कलतो, एखाद्या साली वऱ्हाडात येऊन पाय पसरतो आणि पुढच्या साली गायब. फार देखणं दिसतं ते. संस्थेत पाहुणे आले की आम्ही त्यांना हेच दाखवतो आणि वर चहा पाजतो.

त्यातला एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला आणि दोनच दिवसांत वाशीम जिल्ह्यातून फोन आला. निवृत्त शिक्षक वानखडे गुरुजी बोलत होते. "मॅडम, आमचं गाव तुमी हिरवं रंगवलं," ते शांतपणे म्हणाले. "एकडाव येऊन पाहून जा." पान छपाईला जायचं बाकी होतं, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. माझं आजोळ अमरावतीचं. साहेबांच्या मते एवढ्यावर मी वऱ्हाडाची तज्ज्ञ ठरते. आजोळी मी शेवटची गेले तेव्हा परकर-पोलक्यात होते.

एसटीत खिडकी बंद होत नव्हती, त्यामुळे उरलेलं भिजणंही उरकलं. बाहेर जिथवर नजर जाईल तिथवर सोयाबीन, तूर, मध्येच पऱ्हाटी (कपाशी), आणि सगळं इतकं हिरवंगार की मला माझ्या नकाशाचा अभिमान वाटायला लागला. गुरुजींचा थोडा रागही आला. म्हातारपणी माणसांना वेळ फार असतो, आणि तो त्यांनी माझ्या दुखऱ्या गुडघ्यांवर का खर्च करावा, असं मनात आलं. शेजारच्या आजोबांनी मला भिजलेली पाहून आपल्या खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला. तो माझ्यापेक्षा ओला होता, पण मी घेतला.

आसेगावच्या पुढे दोन गावं लागतात. त्यांची नावं मी मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून त्यांच्यात उगाच कटकट नको. एक नाल्याच्या अलीकडे सखल काळ्या जमिनीवर, दुसरं नाल्याच्या पलीकडे चढावर. आपण खालचं गाव आणि वरचं गाव म्हणू. गुरुजी वरच्या गावचे. आसेगावहून केलेली रिक्षा खालच्या गावातून चिखल उडवत गेली, नाल्यावरचा फरशीपूल ओलांडला, चढ लागला, आणि रस्ता कोरडा झाला. मी मागे वळून पाहिलं. पुलाच्या त्या बाजूला पाऊस पडत होता, या बाजूला चाकामागे धूळ उडत होती. रिक्षावाल्याला त्याचं काहीच नव्हतं. त्यानं काच पुसायचं फडकं सीटखाली ठेवलं आणि विडी पेटवली.

वानखडे गुरुजी अंगणातच उभे होते. उंच, काटकुळे, पांढरा सदरा, डोक्यावरचे सगळे केस शाबूत. मुलगा नागपूरला नोकरीला, बायको वारलेली, घरात एकटेच. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गॅसची शेगडी. त्यांनी माझ्या ओल्या साडीकडे पाहिलं.

"पाऊस लागला वाटते वाटेत."

"लागला. खूप लागला."

"त्यासाठीच बलावलं तुमाले," ते म्हणाले आणि भाकरी टाकायला बसले.

भाकरीसोबत भेद्राची (टोमॅटोची) चटणी होती आणि वर कच्चं तेल. दोन भाकऱ्या खाल्ल्यावर माझा राग बराच खाली बसला. तिसरी खाताना मी गुरुजींना गुरुजी म्हणून स्वीकारलं.

जेवण होतंय तोवर अंगणात बायकांची वर्दळ सुरू झाली. प्रत्येकीच्या कमरेवर गुंड (पितळी घागर). गुरुजींच्या परसात विहीर आहे. वरच्या गावातल्या इतर विहिरींनी तळ दाखवला तरी हिला पाणी असतं. सगळ्यांत पुढे साठीच्या घरातली, हिरवं लुगडं नेसलेली, काळीसावळी, ठेंगणी बाई होती. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमीच का त्या रंग देनाऱ्या?"

मी हो म्हटलं.

"आमाले काहून हिरवं केलं मंग?"

या गोकर्णाबाई. गुरुजींच्या शेजारीण. नवरा मागेच वारला, एकुलती एक लेक खालच्या गावात दिलेली, आणि मागे उरलंय ते बरडाचं (हलक्या मुरमाड जमिनीचं) वावर. त्यात यंदा सोयाबीन. मी त्यांना समजावलं की एका महसूल मंडळातल्या अनेक गावांसाठी पाऊस मोजायचं यंत्र एकच असतं, ते खालच्या गावात आहे, त्यात जेवढा पाऊस पडेल तेवढा सगळ्यांचा धरतात. सरकारी मदत काही आमच्या नकाशावरून ठरत नाही. पण ज्या यंत्रावरून माझा रंग ठरतो त्याच यंत्रावरून पुष्कळ काही ठरतं. शिवाय उपग्रहाच्या चित्रातही हा भाग हिरवाच दिसतो, असंही मी सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि गुंड खाली ठेवली.

"चला," त्या म्हणाल्या.

वावर जवळच होतं. सोयाबीन मांडीपर्यंत आलेलं, पानं हिरवी, शेंगा लगडलेल्या. मला काही वावगं दिसेना. गोकर्णाबाईंनी एक शेंग तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "दाबा." मी दाबली. कागदासारखी चपटी. दुसरी तोडली, तीही तशीच. आत दाण्याच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी होतं.

"झाड हिरवंच हाय," त्या म्हणाल्या. "मी कुठी नाही म्हनतो? पन दाना भराले आता पानी पाह्यजे. आठ दिसात नाही आलं तं जनावरापुढं टाका."

वरच्या आणि खालच्या गावामध्ये फक्त एक नाला आहे आणि पाऊस तो ओलांडत नाही, हे कसं, असं मी विचारलं. शास्त्रीय उत्तर मला ठाऊक होतं, ढग कसे बनतात वगैरे. पण कोरड्या वावरात उभं राहून ते मला स्वतःलाच सांगवेना. त्या म्हणाल्या, यंदा असं आहे. दोन सालामागं उलटं होतं, वरचं गाव भिजत होतं आणि खालचं आभाळाकडे पाहत होतं.

बांधावर बसून त्यांनी पुढे बरंच सांगितलं. त्यांच्या आईच्या वेळचा दुष्काळ वेगळा होता. तो आला की सगळ्यांकडे येई, वर्षभर राही, माणसं गाव सोडून खडी फोडायला जात. नाल्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चुली थंड व्हायच्या, म्हणून निदान एकमेकांचं तोंड तरी पाहवत होतं. "आताचा दुकाय पाहुन्यासारखा येते," त्या म्हणाल्या. "या घरी आठ दिस, त्या घरी आठ दिस. पन बराबर जेवाच्या टायमालेच येते, अन् सारं खाऊन जाते."

मी जन्मभर तो तांबडा डाग पडद्यावर फिरवत आले. तो असा एकेका घरी जेवायला बसतो हे मला त्या बांधावर पहिल्यांदा कळलं.

दिवस कलताना सगळ्या बायका भरलेल्या गुंडा घेऊन नाल्याकडे निघाल्या. मलाही एक गुंड मिळाली. पाहुणी म्हणून लहानशी. दोन गावांच्या मध्ये, नाल्याच्या काठावर काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ आहे. गाभारा पायऱ्या उतरून खाली. पाऊस दडी मारून बसला की बायकांनी या महादेवाला कोंडायचं, अशी इथली रीत. अभिषेकाचं पाणी बाहेर जायची जी मोरी आहे तिच्यात लुगड्याचा बोळा घट्ट बसवायचा, वरून माती लिंपायची, आणि घराघरातून पाणी आणून गाभारा भरायचा, अगदी पिंड बुडेपर्यंत.

"त्यानं काय होतं?" मी विचारलं.

"नाकातोंडात पानी गेलं की देवाले समजते," गोकर्णाबाई म्हणाल्या.

पाणी मागायला आधी गाभाराभर पाणी पाहिजे, हे मला जरा गमतीचं वाटलं. तसं मी गुरुजींना म्हटलंही. ते देवळाच्या बाहेर, लिंबाखाली उभे होते. आत आले नाहीत, येत नाहीत.

"आमी काही देवाले हात जोडत नाही मॅडम. माह्या बापानंच ते सोडलं. पन पान्याले नाही म्हनत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "माह्या आज्याले या गावच्या विहिरीले हात लावू देत नव्हते. आता या लोकाइचा महादेव माह्या विहिरीच्या पान्यात बुडते. मी रोज पाहाले येतो."

ते अगदी साध्या आवाजात बोलले. मी गुंड सावरत पायऱ्या उतरायला लागले.

तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. गुंडेसकट मी गाभाऱ्यात बसले आणि कमरेपर्यंत महादेवाच्या शेजारी बुडाले.  मग एक म्हातारी वरून म्हणाली, "एकटा होता बिचारा. सोबत भेटली त्याले." त्यावर जो हशा पिकला तो नाल्यापलीकडे ऐकू गेला असणार. दोघींनी मला बखोटीला धरून वर काढलं. मोबाइल माझ्याबरोबर बुडाला होता. चपट्या शेंगांचे, कोरड्या बांधाचे, धुळीच्या रस्त्याचे, असे दुष्काळाचे जेवढे फोटो काढले होते तेवढे सगळे पाण्यात गेले. गुरुजींनी तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. नंतर तो फोन करण्या-घेण्यापुरता शुद्धीवर आला, पण जुनं काहीही त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या स्कूटरवर बसून मी खालच्या गावात ते यंत्र पाहायला गेले. तारेच्या कुंपणात उभं, कुंपणाला कुणाची तरी बकरी बांधलेली. यंत्रात काही खोट नव्हती. आपल्या तोंडात पडला तेवढा पाऊस ते इमानानं सांगत होतं. आपल्या तोंडात न पडलेल्याची चौकशी करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अंगावर भुरभुर सुरू झाली तशी गुरुजी म्हणाले, "चला, गोकर्णाबाईच्या रेखाकडं बसू."

रेखा आईसारखीच ठेंगणी, पण बोलायला दुप्पट. तिच्या ओसरीत, पडवीत, खाटेखाली, जिथे जागा मिळेल तिथे कापलेला उडीद पसरलेला होता. आणखी कितीतरी वावरातच पडून होता. आदल्या आठवड्यात कापला, आणि तेव्हापासून रोज झड. ओल्या शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या. काहींना कोंब फुटले होते.

"दोन दिस उघाड भेटली तं घरात येईन," रेखा चहा देत म्हणाली. "पन माह्या मायनं तिकडं देव कोंडला ना."

"मग?"

"मंग काय? सांजी थे भरतात, सकायी आमी उपसतो. आत्ताच चाल्ली. या तुमी बी."

अशा रीतीनं मी आदल्या संध्याकाळी भरलेला महादेव दुसऱ्या सकाळी बादलीनं उपसला. दोन्ही वेळा मला तितक्याच मनापासून आशीर्वाद मिळाले. कुणाचा भांडणाचा सूर नव्हता. खालच्या गावच्या बायका उपसता उपसता वरच्या गावातल्या आपल्या मावश्या-आत्यांची चौकशी करत होत्या. हे असं किती साल चाललंय कुणाला ठाऊक नाही. एकाच महादेवात दोन गावांनी भागी केली आणि पाऊस मात्र वेगवेगळा मागितला, ही चूक मूळ कुणाची, हेही नाही. उपसलेलं पाणी नाल्यात जात होतं. मी गुरुजींच्या विहिरीचा विचार करत होते.

"तो बोळाच का नाही काढत?" मी धापा टाकत विचारलं. "एकदम रिकामं होईल."

रेखानं जीभ चावली. "नाही जमत. जिच्या लुगड्याचा बोळा, तिनंच काढावं लागते. दुसरीनं काढला तं पाऊस तिच्या घरावर येऊन बसते." तिनं पाण्यात हात घालून मोरीशी चाचपलं. हिरव्या लुगड्याचं एक टोक वर तरंगत होतं. "माह्या मायचं हाय. माह्या लग्नात घेतलं होतं तिनं. धा लुगडे घरात असतीन, पन देवाले हेच दिलं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सासू रोज म्हनते, तुही माय आमचा उडीद सडवून राह्यली. मी काय बोलू? सडून तं राह्यला."

संध्याकाळी वरच्या बायका गुंडा घेऊन आल्या तेव्हा रेखा देवळाच्या पायरीवर बसलेली होती. मी तिथेच होते, कारण माझा गुडघा सुजला होता आणि मला उठता येत नव्हतं. गोकर्णाबाईंनी लेकीला पाहिलं आणि गुंड कमरेवरच ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून आली वं?"

"माय, बोळा काढ."

मागच्या बायका कुजबुजल्या. 

"दोन दिस," रेखा म्हणाली. "उडीद घरात आला की पुन्हा घाल. मी सोता पानी आनीन."

"दोन दिसात माह्या शेंगाइचं काय होईन, समजते का तुले?"

"समजते ना. मी का तुह्या वावरात खपली नाही?"

 खालच्या गावावर आभाळ काळं होतं, वरच्या गावावर स्वच्छ. गोकर्णाबाईंनी लेकीचं तोंड निरखून पाहिलं. "सासू बोल्ली का तुले?"

रेखानं मान खाली घातली. 

गोकर्णाबाईंनी भरलेली गुंड माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं आणि गाभाऱ्यात उतरल्या. वरून एकजण म्हणाली, "गोकर्णा, इचार कर. खाशीन काय वर्सभर?" त्यांनी वरही पाहिलं नाही. पाण्यात वाकून, खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी बोळा उपसून काढला. मोरीतून पाणी घळाघळा नाल्याकडे निघालं आणि पिंड हळूहळू उघडी पडली. मी गुंड पोटाशी धरून बसले होते आणि मला रडू येत होतं. उष्ण कटिबंधाचे नकाशे रंगवणाऱ्या बाईनं महादेव रिकामा होतो म्हणून रडावं, हे काही बरं दिसत नव्हतं, पण आलं.

"देव कुठी पयून चाल्ला?" बाहेर येत गोकर्णाबाई मागच्या बायकांना म्हणाल्या. "सुपं घ्या उद्या. दोन दिसाचं काम एका दिसात करू, अन् मंग सारे मिळून भरू."

सकाळी वरच्या गावच्या बायका सुपं आणि ताडपत्र्या घेऊन खालच्या गावात उतरल्या. रेखाच्या वावरातला उडीद गोळा केला, ऊन पडलं तसा पसरला, उलथला, बडवला, वाऱ्यावर उफणला. एका घराचं झालं की दुसऱ्याचं. ऊनही असं पडलं की मला पिशवीच्या तळाची टोपी सापडली. प्रवासात पहिल्यांदाच ती कामाला आली. गुडघ्यामुळे मला ताडपत्रीच्या कोपऱ्यावर वजन म्हणून बसवलं होतं. ते काम मी चोख केलं.

रेखाची सासू आधी दारातच उभी होती. विहीणबाई घामाघूम होऊन आपला उडीद उफणतेय, हे पाहून तिला काय करावं ते समजेना. शेवटी तिनं चूल पेटवली. दुपारी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे (कणकेचे जाड गोळे), वरण आणि वांग्याची तिखटजाळ भाजी झाली. तिनं पहिलं ताट गोकर्णाबाईंपुढे ठेवलं. "घ्या," एवढंच म्हणाली. गोकर्णाबाईंनी रोडगा कुस्करला आणि म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी हाय." सासू धावत मीठ घेऊन आली. रेखा तोंडाला पदर लावून घरात गेली.

ऊन टिकलं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांचाही उडीद पोत्यांत भरून घरात गेला. त्या संध्याकाळी दोन्ही गावांच्या बायका मिळून देवळात आल्या. बोळा त्याच हिरव्या लुगड्याचा, गोकर्णाबाईंच्याच हातचा. रेखानं गुरुजींच्या विहिरीवरून पाणी वाहिलं, बोलल्याप्रमाणे. इतक्या गुंडा होत्या की गाभारा अंधार पडायच्या आत भरला. आता दोन्ही गावांना पाऊस हवा होता. खालच्यांची तूर उभीच होती. महादेवाची निदान या खेपेला तरी ओढाताण नव्हती. गुरुजी नेहमीप्रमाणे लिंबाखाली उभे होते.

दुसऱ्या सकाळी मी निघाले. गोकर्णाबाईंनी पिशवीत उडदाची पुरचुंडी कोंबली आणि पुन्हा एकदा विचारलं, "करसान ना मंग रंगाचं काही?" मी हो म्हटलं. असं आपण म्हणतोच. एसटी वाशीमच्या वाटेला लागली तेव्हा मागच्या खिडकीतून ढग जमताना दिसले. कोणत्या गावावर, ते इतक्या लांबून सांगता येत नव्हतं.

पुण्यात आले, बुडून आलेला मोबाइल टेबलावर ठेवला आणि कामाला बसले. थोड्या दिवसांनी नवे आकडे आले. मंडळात पाऊस उत्तम. गोकर्णाबाईंशी बोलायचं म्हणून मी गुरुजींना फोन लावला आणि त्यांनी तो शेजारी नेऊन दिला.

"पाऊस आला ना?" मी आनंदानं विचारलं.

"आला. लय आला," गोकर्णाबाई म्हणाल्या. "नाल्याच्या तिकडल्या आंगानं."

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडं वारा आला."

"सोयाबीन?"

"चपट्याच राह्यल्या शेंगा. कुटार होईन जनावराले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही तेव्हा बोळा काढायला नको होता." शास्त्राची माणसं आम्ही, पण निघून गेलं.

"काहून? रेखाचं घरात गेलं ना सारं," त्या म्हणाल्या. "आता सासू तिले चहा करून देते म्हनते." त्या हसल्या, मग थांबल्या. "थे जाऊ द्या. नकाशात आमी कोन्या रंगाचे?"

 मी खरं ते सांगितलं. आकडे चांगले आलेत, मंडळ हिरवंच राहणार. त्यांचं गाव निदान वेगळ्या ठिपक्यानं दाखवावं म्हणून मी खूप खटपट केली होती. पण ॲटलासच्या पानावर ते गाव इतकं लहान होतं की नाल्याची जी निळी रेष काढतात, तिच्या जाडीखाली ते झाकून जातं. हे त्यांना कसं सांगावं असं वाटत होतं, पण सांगितलं.

 

"मंग रेष जराशी बारीक काढा ना मॅडम," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून मी पडद्यावर ते पान उघडलं आणि रेष बारीक केली. आणखी बारीक केली. संगणकात जेवढी बारीक निघते तेवढी काढून पाहिली. गाव तिच्याखालीच राहतं. गोकर्णाबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.